उजवी चवरी

२० ऑगस्ट १९२७, शनिवार

आजपासून ही वही. स्टेशनावर पार्सल ऑफिसात अकरा वर्षं लोकांच्या पेट्यांच्या नोंदी केल्या. आता स्वतःच्या कामाची नोंद ठेवतो.

परवा श्रावणातला शेवटचा सोमवार. आमच्या पेठेमागच्या मठातून बसवण्णाची पालखी निघते. ती उंबऱ्याबाहेर येतानाचा फोटो आजवर कुणी घेतलेला नाही. सोलापुरातले दुसरे दोघे फोटोग्राफर म्हणतात, गर्दी हलते, श्रावणातला उजेड बेभरवशाचा. त्यांतला एक पुण्याला शिकला, दुसरा मिरजेला. मी कुणाकडेच शिकलो नाही. एक इंग्रजी पुस्तक आणि पावणेदोनशे फुकट गेलेल्या काचेच्या प्लेटा, हेच माझे गुरू. म्हणून मला ठाऊक आहे की मठाचं दार पूर्वेला आहे, साडेनऊला ऊन थेट उंबऱ्यावर येतं, आणि पालखी खांदा बदलायला दरवर्षी तिथं चार श्वास थांबते. तीन दिवस घड्याळ हातात धरून जाऊन ऊन बघितलं आहे.

पालखीच्या दोन बाजूंना दोन चवऱ्या ढाळतात. उजवी मोठ्या मानाची, डावी धाकट्या. मल्लप्पा कलशेट्टी मळेवाले आणि रुद्रप्पा बिराजदार अडत्ये, अशी ती दोन घराणी. कुठली कुणाची, मला माहीत नाही. त्यांच्या मठात माझं जाणं-येणं नाही, आणि मला मानापेक्षा उजेडाशी काम.

प्लेटच्या एकाच बाजूला उजेड टिपणारा मसाला असतो, आणि ती बाजू भिंगाकडे यावी लागते. अंधारखोलीत ती ओळखायची माझी रीत पक्की आहे. कोपरा खालच्या ओठाला लावायचा. मसाला ओठाला चिकटतो, कोरी काच घसरते. सतरा वर्षांत एकदाही चूक नाही. पण आज सौ. म्हणाली, "अहो, देवाच्या पालखीची काच, आणि ती तुम्ही उष्टी करणार? तीही सोमवारी?"

बोलणं वावगं नव्हतं. परवा बोटानं ओळखायची असं ठरवलं. बोटं ओठापेक्षा कमी शहाणी असतील तर सतरा वर्षं वाया गेली म्हणायची.

२२ ऑगस्ट, सोमवार

फोटो घेतला!

सकाळी अंघोळ करून, सोवळ्यानं दोन प्लेटा कॅमेऱ्यात सरकवायच्या दोन चौकटींत भरल्या. हवा दमट, बोटं जरा घामेजलेली, पण ओठ लावला नाही म्हणजे नाही.

आठ वाजता जागा धरली. तिवईचे दोन पाय सार्वजनिक रस्त्यावर. मागचा एक तेवढा समोरच्या धर्मशाळेच्या पायरीवर ठेवला, उंचीसाठी. धर्मशाळा मठाचीच, पण एका पायानं काय होतंय.

जमादार आला. "परवाना आहे का?"

म्हटलं, "रस्त्यावर उभं राहायला परवाना लागतो? मग आधी तुमचा दाखवा." माणसं हसली. जमादार पुढे गेला.

नऊ वाजून चौतीस मिनिटांनी पालखी उंबऱ्यावर आली. आमच्या कॅमेऱ्यातल्या काचेवर जग खाली डोकं वर पाय असं दिसतं, आणि डावं-उजवंही बदललेलं. म्हणून मी कापडाखालून माणसं बघत नाही, फक्त कडा बघतो आणि त्या धारदार होईपर्यंत भिंग मागेपुढे करतो. कडा लावल्या, प्लेट सरकवली, बाहेर आलो, आभाळाकडे बघितलं. ढग नव्हता. झडप उघडणारा रबरी बल्ब दाबला.

दुसरी प्लेट घालीपर्यंत पालखी कोपऱ्यावर गेली आणि तिथं एकदम आरडाओरडा. एका चवरीवर दोघांचे चार हात, आणि मल्लप्पांच्या हातातली चवरीची चांदीची मूठ रुद्रप्पांच्या कपाळावर बसली. रक्त आलं. माणसं धावली, तिवई कलली, मी कॅमेऱ्याला मिठी मारून खाली बसलो. कॅमेरा वाचला, माझं कोपर सोललं. हिशेब बरोबर.

२३ ऑगस्ट

प्लेट धुतली. सौ.ला हाक मारून दाखवली, एरवी दाखवत नाही. पालखीचा गोंडान्‌गोंडा मोजून घ्या. दोन्ही चवरीवाले, मागचे स्वामी, कडेला हलगी वाजवणारा भिमा, सगळे जागच्या जागी.

एकच गोष्ट बोचते. सगळ्या चित्रात केसभर मऊपणा आहे, कडा धारदार नाहीत. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला दिसतो. माझ्या हातून कडा चुकत नाहीत. चौकट सैल झाली असेल.

२६ ऑगस्ट

नव्या पेठेत माझ्या दुकानापुढं सकाळपासून गर्दी आहे, कारण फोटो दर्शनी काचेत लावला आहे. लोक एकमेकांना बोट दाखवून नावं सांगतात. एक म्हातारी फोटोतल्या बसवण्णाला हात जोडून गेली. असा मान कुठल्या फोटोग्राफरला मिळाला असेल?

दुपारी रुद्रप्पा अडत्ये आले. कपाळाला पट्टी, बरोबर मंगळवेढेकर वकील. रुद्रप्पा फोटोपुढं उभे राहिले ते हलेचनात. मग हळूच म्हणाले, "असं आलंय व्हय?"

मी म्हटलं, "असंच असतं. फोटो खोटं बोलत नाही."

"न्हाय की, बोलत न्हाय," रुद्रप्पा म्हणाले, आणि वकिलांकडे बघितलं. माझं काम बघून माणसं अशीच गप्प होतात.

वकिलांनी मामला सांगितला. रुद्रप्पांनी मल्लप्पांवर फौजदारी केली आहे. म्हणणं असं, की उजवी चवरी बिराजदारांची. त्या दिवशी रुद्रप्पा उजवीकडेच होते, मल्लप्पा डावीकडून आले, चवरी हिसकावली आणि मारलं. मल्लप्पा नेमकं उलटं सांगतात. ते म्हणतात उजवीकडे मी होतो, हिसकवायला हे आले, त्या ओढाताणीत मूठ लागली. मठातली माणसं दोन तट पडून दोन्हीकडून शपथा घेतात.

"पण तुमची प्लेट कुणाच्याच तटात नाही," वकील म्हणाले.

समोर तोंड करून येणाऱ्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसतो. हे मी त्यांना फोटोवर काठी ठेवून समजावलं. आपल्या डावीकडे रुद्रप्पा आहेत. म्हणजे उजवी चवरी रुद्रप्पांची. सरळ आहे.

वकिलांना मी माझ्या हक्कांबद्दलही विचारून घेतलं, आणि इथं लिहून ठेवतो. रस्ता सार्वजनिक. रस्त्यावरून उघड्या डोळ्यांना जे दिसतं त्याचा फोटो घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मठाच्या आत मात्र मठाची लागते. सन १९१४ च्या कायद्यानं, ज्याची प्लेट त्याचा फोटो. कुणी सांगून, मोबदला देऊन काढवून घेतला असेल तरच तो त्याचा. हा मला कुणी सांगितला नव्हता, म्हणून माझाच. रुद्रप्पा प्लेट विकत मागत होते. दिली नाही. कोर्टाचं लेखी समन्स येईल तेव्हा मी स्वतः प्लेट घेऊन उभा राहीन, असं सांगितलं. वकील म्हणाले, "नारायणराव, तुम्हीच वकील व्हायला हवं होतं." हे मलाही पूर्वी वाटलेलं आहे.

ते गेल्यावर सौ. फोटोला नाक लावून उभी. "अहो, रुद्रप्पांच्या कोटाचा खिसा उजव्या छातीवर आहे."

"त्यांचा शिंपी वेंधळा असेल."

"एवढ्या मोठ्या अडत्याचा शिंपी?"

"अगं, समोरून बघताना सगळं बदललेलं दिसतं. आत्ता काठी ठेवून सांगितलं ना." बायकांना ही गोष्ट समजायला वेळ लागतो.

४ सप्टेंबर, रविवार

आज मल्लप्पांची बायको चंद्रव्वा दुकानात आली. साठीची, काटक, हातात मळ्यातल्या मेथीची पेंडी. ती मला द्यायला नव्हती, बाजारातून परत चालली होती.

"काय ओ फोटूवाले, आत यिऊ का हितनंच बोलू?"

"या की, बसा."

बसली नाही. "आमच्या मालकाचा फोटू काढताना इचारलं व्हतं का?"

मी कायदा सांगितला. रस्ता सार्वजनिक, वगैरे सगळं, सोप्या शब्दांत. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"बरं. रस्ता सरकारचा. तोंड कुणाचं?"

मी म्हटलं, तोंड ज्याचं त्याचं, पण रस्त्यावर आणलं की ते सगळ्यांना दिसतं.

"दिसू दे की. दिसलं आन् गेलं. तुमी तर काचंत अडकवून ठिवलंय. येणारा जाणारा बोट दावतोय. 'ह्यो बघा डावा मल्लप्पा, उजव्याची चोरी करणारा.' पन्नास वरसं उजवी चवरी ढाळली ओ त्यानं. त्याच्या आज्जानं ढाळली. आता आंगणात सुदीक येत न्हाय. मळ्याला पाणी मी पाजते."

"चंद्रव्वा, मी काही लिहिलेलं नाही. प्लेटमध्ये जे आलं ते दाखवलं."

"मग तुमची पलेट खोटं बोलती."

सतरा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "माणूस खोटं बोलेल, प्लेट बोलणार नाही. ती निर्जीव आहे."

"निर्जीवच म्हना. जिवंत असती तर लाजली असती." आणि गेली. जाताना कन्नडमध्ये आणखी काही बोलली. ते मला समजलं नाही, पण कौतुक नसावं.

संध्याकाळी एक पाटी रंगवून फोटोखाली लावली : 'येथील फोटो खोटे बोलत नाहीत.' अक्षर सुरेख आलं आहे.

११ सप्टेंबर

पाटीची चर्चा आहे. नातेपुत्याहून आलेल्या एका व्यापाऱ्यानं मुद्दाम दुकान शोधून काढलं आणि म्हणाला, असाच खरा फोटो माझा काढा. काढला. समन्सही आलं, वीस तारखेचं. त्यावर माझं नाव पूर्ण आहे : नारायण वामन कुरनूरकर, फोटोग्राफर. पार्सल ऑफिसात मी नुसता 'क्लार्क' होतो.

मंडईत मल्लप्पांच्या मळ्यातली भाजी घेऊन त्यांची सून बसते. तिच्यापुढं दोन पोरगेल्या हमालांनी डाव्या हातानं चवरी ढाळायची नक्कल केली. मी बघितलं. तिनं मान वर केली नाही. मला त्यात काही करण्यासारखं नव्हतं. सत्य कुणाला तरी लागतंच.

तरी दोन दिवस मंडईत सौ.ला पाठवतो आहे.

१७ सप्टेंबर, शनिवार

हे सगळं क्रमानं लिहितो.

कोर्टात दाखवायला मोठा फोटो केला, दोन फूट बाय दीड. सुकायला लावला आणि सौ. चहा घेऊन आली. म्हणाली, "भिमा डावखुरा आहे का हो?"

"का?"

"हलगी उजव्या हातात धरलीय, आणि काठी डाव्या हातात."

मी काठी ठेवून पुन्हा समजवायला निघालो आणि मध्येच थांबलो. भिमाचा उजवा हात म्हणजे आपल्या डावीकडचा. हलगी आपल्या डावीकडे आहे. म्हणजे हलगी खरोखरच उजव्या हातात. समोरून बघण्याचा हिशेब धरूनही.

"असेल डावखुरा," मी म्हटलं. पण मला सौ.चं बोलणं खोटं ठरवायचं होतं, म्हणून भिमाला निरोप पाठवला. तो दुपारी हलगीसकट आला. खुर्चीवर बसेना, उंबऱ्याशीच उभा राहिला.

"भिमा, हलगी कशी धरतोस ते दाखव."

त्यानं हलगी डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं काठी मारली.

"नेहमी अशीच?"

"बा शिकवून गेला तशी. का ओ मालक?"

त्याला मोठा फोटो दाखवला. भिमानं बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि हसायला लागला. "ह्यो मी न्हवं ओ. पाण्यात वाकून बघितल्यागत हाय ह्यो."

मी तसाच अंधारखोलीत गेलो.

माझ्या प्रत्येक चौकटीच्या कडेला मी कानशीनं खाच केलेली आहे. पहिलीला एक, दुसरीला दोन. प्लेटच्या कडेला त्या खाचेचा काळा ठिपका उमटतो, म्हणजे कुठली चौकट बिघडली ते कळतं. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही, माझी आहे. छापताना कड काळ्या कागदाखाली जाते, म्हणून एरवी तिकडे लक्ष जात नाही. मसाल्याची बाजू आपल्याकडे करून प्लेट सरळ धरली की ठिपका डाव्या हाताला येतो. जुन्या बारा प्लेटा काढून बघितल्या. बाराही डावीकडे.

पालखीच्या प्लेटचा उजवीकडे.

प्लेट चौकटीत उलटी बसली होती. कोरी काच भिंगाकडे, मसाला आत. उजेड काचेतून पलीकडे जाऊन मसाल्यावर पडला. त्यानं डावं-उजवं बदललं, आणि तो मऊपणाही त्यानंच आला. कारण मी कडा लावल्या होत्या प्लेटच्या भिंगाकडच्या बाजूला, आणि चित्र उमटलं पलीकडच्या. मला तो मऊपणा पहिल्याच दिवशी दिसला होता, आणि मी दोष चौकटीला दिला.

ओठ लावला असता तर कळलं असतं.

बाहेर आलो तेव्हा भिमा तिथंच उभा होता. विचारलं, "त्या दिवशी उजव्या चवरीला कोण होतं?"

"मल्लाप्पाच की. मी म्होरं व्हतो. कोपऱ्यावर रुद्राप्पांनी पलीकडनं हात घातला."

"मग आजपर्यंत बोलला का नाहीस?"

"मला कोण इचारलंय?"

खरं आहे. मीही विचारलं नव्हतं. माझ्याकडे फोटो होता.

१८ सप्टेंबर

दर्शनी काचेतून फोटो आणि पाटी काढली. शेजारच्या पानवाल्यानं विचारलं, "का ओ, विकला?" म्हटलं, धूळ बसली होती.

अख्खा दिवस प्लेट समोर घेऊन बसलो. काच आहे. हात घसरला, फरशीवर पडली, तर माझ्यावाचून कुणाला काही कळणार नाही. भिमाला खाचा समजत नाहीत. सौ. कुणाला सांगणार नाही. आणि प्लेट माझी, १९१४ च्या कायद्यानं. पण छापील प्रती रुद्रप्पांकडे आहेत, वकिलांकडे आहेत. त्या खोटं बोलत राहतील, आणि ते खोटं उघडं पाडायला ठिपक्याची प्लेट तेवढी उरणार नाही.

हेही लिहून ठेवतो की मी तरीही ती दोनदा उचलली.

सौ. म्हणाली, "जेवून घ्या. आणि ती वरच्या फळीवर ठेवा, सांडशी लागेल." बाकी काही बोलली नाही.

मी या गावात खरा माणूस म्हणून ओळखला जातो असं नाही. मी चुकत नाही म्हणून ओळखला जातो. परवा ती ओळख जाणार.

२० सप्टेंबर, मंगळवार. कोर्ट.

अकराला पुकारा झाला. मल्लप्पांनी वकील दिला नव्हता. पांढरा पटका, हात जोडून पिंजऱ्यात उभे. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. चंद्रव्वा मागं भिंतीशी बसली होती, तिनं बघितलं.

मंगळवेढेकर वकिलांनी मोठा फोटो टेबलावर उभा केला. "हा तुम्ही घेतलात?"

"होय."

"सार्वजनिक रस्त्यावरून, कुणाच्याही सांगण्यावाचून?"

"होय."

"आणि तो खरा आहे?"

"खरा आहे. पण उलटा आहे."

वकील हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. मी सांगायला लागलो तसं हसू गेलं. प्लेट, मसाला, खाच, सगळं सांगितलं.  

मग वकील माझ्यावरच उलटले. "साहेब, साक्षीदार फितूर झाला आहे. काय हो कुरनूरकर, कलशेट्ट्यांच्या मळ्यातली भाजी गोड आहे का?"

"मला ठाऊक नाही. त्यांच्या घरून मला आजवर फक्त शिव्या मिळाल्या. त्या ताज्या होत्या."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

"तुमच्या तिवईचा एक पाय मठाच्या धर्मशाळेच्या पायरीवर होता, खरं ना? म्हणजे तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर नव्हताच!"

"दोन पाय रस्त्यावर होते, एक पायरीवर. तो एक मी विचारल्यावाचून ठेवला. तेवढी चूक कबूल." हे लिहिताना वाटतं, तो पाय मोजायला मला दुसऱ्याची गरज पडायला नको होती.

साहेबांनी पुरावा मागितला. मी थैलीतून बारा जुन्या प्लेटा काढल्या आणि खिडकीच्या उजेडात एक-एक धरल्या. बारा ठिपके डावीकडे. तेरावा उजवीकडे. साहेब खुर्चीवरून उठून खिडकीपाशी आले. चौकट मागून घेतली, खाचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही युक्ती कुणाची?" म्हटलं, "माझी." त्यांनी मान हलवली. ती मान हलवणं मी विसरणार नाही.

मग भिमाला बोलावलं. "हलगी धर." त्यानं धरली. "वाजव." भिमानं बिचकत एकच काठी मारली, आणि कोर्टाच्या आढ्यातले सगळे पारवे भर्रकन उडाले. पट्टेवाला "गप, गप" म्हणून धावला. साहेबांनी फोटोकडे बघितलं, भिमाकडे बघितलं. "उजव्या चवरीला कोण होतं?" भिमानं सांगितलं. कुणीतरी विचारलं तर तो किती नीट सांगतो, हे साऱ्या कोर्टानं ऐकलं.

शेवटी वकील चिडून म्हणाले, "सतरा वर्षं न चुकलेला माणूस नेमका त्याच दिवशी चुकला? का?"

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. पण शपथ घेतली होती. मी ओठाची रीत सांगितली, आणि देवाच्या पालखीची प्लेट उष्टी होऊ नये म्हणून त्या दिवशी ओठ लावला नाही, तेही सांगितलं. सारं कोर्ट हसलं. पट्टेवालासुद्धा. माझे कान तापले. मागं एकच माणूस हसलं नाही, ती चंद्रव्वा.

साहेबांनी रुद्रप्पांना विचारलं, "हा फोटो पहिल्यांदा बघितलात तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

रुद्रप्पांनी पुन्हा वकिलांकडे बघितलं, आणि त्यांचं ते "असं आलंय व्हय?" मला आत्ता कुठं समजलं. मी ते माझ्या कामाचं कौतुक समजलो होतो; ते आपण फोटोत उजवीकडे कसे, याचं नवल होतं.

मल्लप्पा सुटले. मुठीबद्दल समज मिळाली, दोन्ही घरांना मिळाली. कोर्टाबाहेर मल्लप्पा माझ्यासमोर थांबले. मला वाटलं आता आभार मानतील. म्हणाले, "तीन आठवडे लई वाईट गेले ओ." आणि गेले.

२४ सप्टेंबर

गावात नाव पडलं आहे, 'उलटे कुरनूरकर'. पुण्याला शिकलेल्यानं दुकानापुढं उभं राहून विचारलं, "काय नारायणराव, आज कुठल्या बाजूनं?" म्हटलं, "तुमची प्लेट उलटी बसली तर तुम्हाला कळेल का? खाच आहे का तुमच्या चौकटीला?" तो गेला. सौ. म्हणते तो दुसऱ्या दिवशी लोहाराकडे कानस मागत होता.

प्लेट पालथी घालून सरळ फोटो छापला. जास्तच मऊ आला, पण मल्लप्पा उजवीकडे. दर्शनी काचेत लावावा असं फार वाटलं. कायद्यानं लावू शकतो. लावला नाही. बांधून ठेवला.

पाटी मात्र बदलली. 'खोटे बोलत नाहीत' पुसलं. तिथं लिहिलं : 'चूक झाल्यास सांगितली जाईल.' दुसऱ्या दोघांपैकी कुणी लावून दाखवावी.

दसरा

मठाची पालखी आज सीमोल्लंघनाला निघते. पहाटे उठलो, कॅमेरा पुसला, आणि प्लेटा न भरताच आधी मळ्याच्या वाटेनं गेलो. बांधलेला फोटो बरोबर.

मल्लप्पा अंगणात चवरी धूत होते. फोटो दिला. उन्हात धरून बघितला त्यांनी, लांबून, जवळून. "मऊ आलाय," म्हणाले.

मला हसू आलं. सोलापुरात हे ओळखणारा मी एकटाच नाही.

मग म्हटलं, "आज पुन्हा फोटो घ्यायचा विचार आहे. दोन पाय रस्त्यावर बसतील. तिसरा धर्मशाळेच्या पायरीवर ठेवायचा आहे. ठेवू का?"

मल्लप्पांनी चवरी झटकली. "पायरीचं स्वामींना इचारा. माझ्या तोंडाचं मला इचारा."

"तेच विचारतोय."

"काढा की मग." पटका नीट केला. "पण सरळ."

मी निघालो तशी चंद्रव्वा गोठ्यातून बाहेर आली. हातात कासंडी, दूध फेसाळलेलं. "थांबा ओ. हे दूध आता मठात जाणार, बसवण्णाच्या अभिषेकाला. ह्यात पयलं तोंड कुणी घातलंय म्हायती हाय?"

मला कळलं नाही.

"वासरानं! वासरानं उष्टं केल्याबिगर गाय पान्हा सोडती व्हय? आन् त्येच दूध देवाला रोज चालतंय. तुमचं व्हट काय वासरापरीस वाईट हायत?"

मल्लप्पा चवरी धुता धुता हसले. मीही.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "खरंच की," आणि तिच्याच सांगण्यावरून सगळं झालं होतं याची तिला आठवण करून द्यायची इच्छा मी आवरली. आवरणंही एक काम आहे.

अंधारखोलीचं दार लावलं. डबी उघडली, पहिली प्लेट काढली आणि कोपरा खालच्या ओठाला लावला.

चिकटली.